दोन फण्यांमधला सूक्ष्म फरक

सप्टेंबर २०१९ मधली एक रात्र या सभागृहातल्या अनेकांना आठवत असेल. चेंबूर, गोवंडी, घाटकोपर, पवईपासून अंधेरीपर्यंत लोकांना गॅससारखा वास येऊ लागला, तक्रारींचे फोन सुरू झाले, तपासणी झाली, आणि तरीही तो वास नेमका कशाचा हे ठामपणे सांगता आले नाही. घरात नळाने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेनला वास नसतो. वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनसारख्या द्रव्याचा, जे अत्यल्प असले तरी नाकाला जाणवते. म्हणजे तो वास खरोखरच वाहिनीतल्या गॅसचा असता, तर हवेतला मिथेनही दशलक्षात सुमारे दोन भाग या नेहमीच्या पातळीच्या बराच वर गेलेला दिसायला हवा होता. आणि तो वाढलेला नसता, तर शोध वेळीच दुसरीकडे वळवता आला असता. मोकळ्या हवेत, किलोमीटरभर अंतरावर, हे ‘हो’ की ‘नाही’ काही मिनिटांत कसे ठरवता येईल, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

प्रत्येक रेणू ठरावीक वारंवारतांचाच प्रकाश शोषतो. मिथेनच्या शोषणरेषा १.६५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सापडतात आणि त्याहून कितीतरी ठळकपणे ३.३ मायक्रोमीटरच्या परिसरात. या रेषा वाचणारे प्रयोगशाळेतले नेहमीचे उपकरण एक आरसा सरकवून दोन किरणांच्या वाटांमध्ये फरक निर्माण करते. परंतु १०० मेगाहर्ट्‌झइतका बारीक भेद दाखवायचा असेल, तर वाटांमधला फरक तीन मीटरपर्यंत न्यावा लागतो, म्हणजे आरसा दीड मीटर सरकवावा लागतो. असे यंत्र गच्चीवर नेणे अवघड, आणि आरसा सरकत असतानाच समोरची हवा बदलून गेलेली असते.

आता फणीकडे येऊ. सेकंदाला दहा कोटी अतिसूक्ष्म स्पंद सोडणारा लेसर घेतला आणि त्याचा प्रकाश वारंवारतांमध्ये विभागून पाहिला, तर सलग पट्टा दिसत नाही. अगदी समान अंतरावर उभे असलेले हजारो दाते दिसतात, आणि दोन दात्यांमधले अंतर बरोबर १०० मेगाहर्ट्‌झ असते. या वारंवारता-फणीच्या तंत्रासह लेसर-आधारित अचूक वर्णपटमापनासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हेंश यांना २००५च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. मात्र फणी हातात आली, तरी तिचा एकेक दाता वाचायचा कसा? १.५ मायक्रोमीटरचा प्रकाश सेकंदाला २०० लाख कोटी वेळा आंदोलतो. त्या गतीने मोजू शकेल असा कोणताही इलेक्ट्रॉनिक संवेदक नाही.

यावरचा उपाय तानपुरा जुळवणाऱ्या प्रत्येकाच्या कानाला ठाऊक आहे. जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरात आल्या, पण पूर्ण जुळल्या नाहीत, की आवाज सावकाश डोलू लागतो. एक तार २०० आणि दुसरी २०१ हर्ट्‌झवर असेल, तर तो डोल सेकंदाला एकदाच येतो, आणि दोनशेची आंदोलने मोजू न शकणारा माणूसही तो सहज मोजतो. प्रकाशाच्या बाबतीत हेच करायचे: पहिल्या फणीच्या दात्यांमध्ये १०० मेगाहर्ट्‌झचे अंतर असेल, तर दुसरी फणी त्याहून केवळ एक किलोहर्ट्‌झ जास्त अंतराची घ्यायची. मग दोन्ही फण्यांतल्या एकेका दात्याच्या एका जोडीत एक किलोहर्ट्‌झचा फरक पडतो, शेजारच्या जोडीत दोनचा, त्यापुढच्या जोडीत तीनचा; प्रत्येक जोडीला स्वतःचा वेगळा सूर मिळतो. या हिशेबाने पाच टेराहर्ट्‌झ रुंदीचा प्रकाश, म्हणजे ५० हजार दाते, साध्या संवेदकाला पेलणाऱ्या ५० मेगाहर्ट्‌झच्या आत उतरतात. मिथेनने ज्या दात्याचा प्रकाश गिळला, त्याचा सूर क्षीण होतो. आरसा नाही, हलणारा भाग नाही, आणि ही सगळी नोंद एका मिलिसेकंदात पुरी होते. मला या शास्त्रात सर्वांत सुंदर वाटते ती हीच गोष्ट.

ही कल्पना श्टेफान शिलर यांनी २००२ साली मांडली आणि २००४ मध्ये कायलमान, गोले आणि होल्त्सवार्थ यांनी ती अवरक्त प्रकाशात करून दाखवली. त्यानंतरचे बरेच कष्ट एकाच गोष्टीवर खर्च झाले: दोन्ही फण्यांनी एकमेकींना सोडून भरकटता कामा नये. परस्परांमधला थरकाप वाढला, की शेजारचे सूर एकमेकांत मिसळतात आणि वर्णपट पुसट होतो.

अमेरिकेतल्या बोल्डर येथे झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा प्रकाश दोन किलोमीटर मोकळ्या हवेतून नेऊन कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि बाष्प एकाच वेळी मोजले गेले. तापलेल्या हवेतून जाताना किरण थरथरतो, हे खरे. पण सगळे दाते एकाच क्षणी एकाच वाटेने जात असल्यामुळे ती थरथर सर्वांना जवळपास सारखीच लागते आणि रेषांचा आकार शाबूत राहतो.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. बेंझिन, टोल्युइन यांसारख्या मोठ्या रेणूंचे शोषण रुंद पट्ट्यांत पसरलेले असते. तिथे बारीक दात्यांचा फायदा कमी होतो. वासापुरता असलेला मरकॅप्टनही या मार्गाने पकडणे कठीण आहे. मुसळधार पावसात तर किरणच पोहोचत नाही. म्हणून माझा आग्रह मिथेन, अमोनिया अशा लहान रेणूंपुरता आहे, आणि तेलशुद्धीकरण कारखाने व कचराभूमी असलेल्या माहुल, ट्रॉम्बे, देवनार या पट्ट्यासाठी तेवढेही पुष्कळ आहे.

तिथे यंत्र एकच पुरेल. ते एका उंच गच्चीवर ठेवावे आणि परिसराच्या पश्चिमेला व पूर्वेला असलेल्या इमारतींवर, आलेला प्रकाश त्याच दिशेने परत पाठवणारे आरसे बसवावेत. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, तेव्हा पश्चिमेची किरणरेषा येणारी हवा मोजेल आणि पूर्वेची रेषा जाणारी. रात्री मतलई वारे सुटले, की दोघींच्या भूमिका बदलतील. या दोन आकड्यांमधला फरक आणि त्या वेळचा वाऱ्याचा वेग हाती असला, म्हणजे मधल्या जमिनीतून ताशी किती मिथेन बाहेर पडत आहे याचा अंदाज बांधता येतो.