सतरा चिंचोके

पहाटेचे पावणेपाच. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अजून आजोबामंडळी आलेली नाहीत, कुत्रीही झोपलेलीच. या ताईंच्या उजव्या खिशात सतरा चिंचोके आहेत. पार्काला एक चक्कर झाली की एक चिंचोका डाव्या खिशात. चक्कर सव्वा किलोमीटरच्या जरा आतच. सतरा संपले की वीसच्या आसपास. लेकाने दिलेलं घड्याळ मनगटावर आहे, पण भरवसा चिंचोक्यांवर.

दादरमध्ये ताईंचं पोळी-भाजी केंद्र आहे. नाव सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. गावी सासूबाईंना या धावण्याचा अजून पत्ता नाही. वय एक्कावन्न. रोज तीनशेच्या वर पोळ्या, आठ तास तव्यापुढे उभं. तेव्हा पायांत दम होताच, तो कुणी शिकवला नाही. डॉक्टरांनी साखर काठावर आहे, चाला, म्हणून सांगितलं. चालता चालता एकदा पावसाची सर आली म्हणून पळाल्या. सर थांबली तरी पळतच राहिल्या.

पहिले सहा महिने कॅनव्हासचे साधे बूट. महागडे बूट घेतल्याशिवाय धावायचंच नाही, असं आपल्याकडे हल्ली उगाच झालंय. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत उद्योगपती दोराबजी टाटांनी पाहिली ती अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने भारतीय खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले.

मुंबईत खरा वैरी अंतर नव्हे, दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, आणि वाळला नाही की अंग निवत नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही घातकच. ताईंच्या बाटलीत कोकम सरबत असतं. मीठ अंमळ जास्त.

जानेवारीतला तिसरा रविवार. 2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनचा हा दिवस. ताईंची अर्धी, 21.097 किलोमीटर, माहीमच्या रेतीबंदरावरून. छातीवरचा नंबर चार सेफ्टी पिनांनी टोचलेला, काखेत व्हॅसलीन, खिशात संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू. सी लिंकवर एरवी पायी जायला बंदी, आज मात्र अंधारात हजारो पावलांचा चपचप आवाज आणि खाली काळं पाणी. इथे त्या सेल्फीसाठी थांबल्या नाहीत. आम्ही विनवलं, तरी नाही.

पेडर रोडचा चढ मात्र कुणाला सोडत नाही. बघा, इथे त्यांची चाल मोडली. कमरेवर हात, मान खाली. फुटपाथवरच्या एका लहान मुलीने संत्र्याची फोड पुढे केली. ताईंनी ती घेतली, तोंडात टाकली, आणि चढ संपेपर्यंत चालत गेल्या. उतारावर पुन्हा पळाल्या.

सीएसएमटी. पदक गळ्यात पाच मिनिटं, मग पिशवीत. भुयारी मार्गाच्या पायऱ्या उतरताना मांड्या बोंबलतात, म्हणून कठडा धरून आडवं आडवं एकेक पायरी. घाई आहे. लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत दादर गाठायचंय, आणि उद्यासाठी गव्हाचं दळण अजून गिरणीतच पडलंय.