अक्कलदाढ: जबड्यातली चौथी सीट

दृश्य: पुणे, सदाशिव पेठ. रात्रीचे साडेअकरा. अभ्यासिकेच्या ट्यूबलाइटखाली ओळीने वाकलेली डोकी.

निवेदन:
बावीस वर्षांची ही मुलगी संध्याकाळपासून डाव्या गालावर हात ठेवून बसली आहे. समोर राज्यसेवेचं पुस्तक उघडं आहे, पण तासाभरात पान उलटलेलं नाही. खालच्या जबड्याच्या पार टोकाला ठणका लागलाय. तो कानात जातो, तिथून गळ्यात उतरतो. रात्री मेसमध्ये पोळीचा घास तोंडात घालताना तिच्या लक्षात आलं, की तोंड दोन बोटांपलीकडे उघडतच नाही.

वर्षभरात हे तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला आणि उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये गेल्या. मैत्रिणी हसून म्हणाल्या, "चला, अक्कल आली एकदाची!"

अक्कल हा शब्द मुळातला अरबी. लॅटिनमध्येही हा शहाणपणाचाच दात. जपानी माणूस त्याला ओयाशिराझु म्हणतो, म्हणजे आईबापाला ठाऊक नसलेला. कोरियन भाषेत तो प्रेमाचा दात आहे. सगळ्यांत रोखठोक तुर्की लोक. त्यांनी नाव ठेवलं विसाव्या वर्षाचा दात, आणि विषय संपवला.

दृश्य: मुंबई लोकल, सकाळची गर्दी. तिघांच्या बाकावर चौथा माणूस टेकतो.

निवेदन:
मुंबईकराला ही दाढ समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. बाक तिघांचा. चौथा येतो, "जरा सरका" म्हणतो, आणि अर्ध्या मांडीवर टेकतो. अर्धा आत, अर्धा पॅसेजमध्ये.

जबड्याच्या प्रत्येक कोपऱ्यात मागे तीन दाढा येतात. पहिली सहाव्या वर्षाच्या आसपास, दुसरी बाराव्या. तिसरी, म्हणजे अक्कलदाढ, साधारण सतरा ते पंचवीस या वयात. तोवर बाक भरलेला असतो. जागा असेल तर ती सरळ उभी राहते आणि आयुष्यभर निमूट चावते. नसेल तर पुढच्या दाढेवर रेलून तिरकी अडकते, आडवी झोपते, उभीच हाडात रुतून बसते किंवा क्वचित मागे कलते. खालच्या जबड्यात पुढे रेललेली दाढ सर्वांत जास्त दिसते. दंतवैद्य अशा दाढेला इम्पॅक्टेड म्हणतात. आपण अडकलेली म्हणू.

दृश्य: कवटीचं जुनं रेखाचित्र. जबड्यावर हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा.

निवेदन:
जागा का पुरत नाही? नेहमीचं उत्तर असं, की माणूस शिजवलेलं मऊ अन्न खाऊ लागला, जबड्याला व्यायाम उरला नाही आणि जबडा आखूड झाला. यात तथ्य आहे. 1980 च्या दशकात रॉबर्ट कोरुचिनी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह चंदीगड परिसरातल्या तरुणांचे दात तपासले, तेव्हा खेड्यात भरडं खाऊन वाढलेल्यांची दातांची ठेवण शहरातल्यांपेक्षा नीट निघाली. जबड्याचं हाड वाढत्या वयात चावण्याच्या जोरावर घडतं. ऊस सोलून खाणारं पोर आणि उसाचा रस पिणारं पोर यांचे जबडे अगदी सारखे वाढत नाहीत.

पण या उत्तराला छेद देणारी एक बाई शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये काचेआड पहुडली आहे. 1911 साली फ्रान्समधल्या काप ब्लां या कातळाश्रयात तिचा सांगाडा सापडला. तेरा ते पंधरा हजार वर्षांपूर्वीची, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांतली. अक्कलदाढा बाहेर आलेल्या दिसेनात, म्हणून कितीतरी वर्षं तिला किशोरवयीन मुलगीच समजत होते. पुढे एक्स-रे आणि स्कॅन झाले आणि 2006 मध्ये संग्रहालयाने सांगितलं, की ही पंचवीस ते पस्तीस वर्षांची बाई आहे. दाढा आल्या होत्या, फक्त हाडात अडकल्या होत्या. तिला ना पाव माहीत होता, ना मऊ भात. तेव्हा सगळा दोष मॅगीवर ढकलायला नको. जबडा किती मोठा आणि दात किती मोठे, हे बरंचसं आईबापाकडूनच येतं.

दृश्य: दंत महाविद्यालयाची ओपीडी. बाकावर मुलगी, शेजारी साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने आलेली तिची आई.

निवेदन:
डॉक्टर आरसा आत घालतात. दाढेचा पुढचा कोपरा तेवढा दिसतोय, उरलेल्या दाढेवर सुजलेल्या हिरडीची टोपी. दुखण्याचं मूळ या टोपीखाली आहे. तिथे शिरलेलं भाताचं शीत ब्रशला सापडत नाही, चूळ भरून निघत नाही. ते तिथेच कुजतं, जंतू वाढतात, टोपी फुगते. मग वरची दाढ प्रत्येक घासाला त्याच फुगलेल्या टोपीवर आपटते. शेजारचे चावण्याचे स्नायू आखडतात आणि तोंड उघडेनासं होतं.

गोळ्यांनी ठणका का थांबतो आणि परत का येतो, हेही इथेच कळतं. जंतू कमी होतात, पण टोपी तिथेच राहते आणि टोपीखालचा कप्पाही.

एक गोष्ट इथे नीट ऐका. ताप आला, घोट गिळता येईना, आवाज बदलला, हनुवटीखाली किंवा जिभेखाली सूज आली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा. खालच्या दाढेचा पू गळ्यात उतरतो, जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने 1836 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आजही त्याच्या नावाने तो ओळखला जातो आणि आजही माणसं त्याने दगावतात.

या मुलीचं तिथवर गेलेलं नाही. आज ऑपरेशन होणार नाही. सुजलेल्या जागेत भूल नीट चढत नाही. टोपीखालचा कप्पा सलाइनने धुतला जातो, औषध लिहून दिलं जातं आणि तोंड उघडू लागलं की पुढची तारीख मिळते.

पलीकडच्या खुर्चीत तिशीतला एक माणूस आहे. त्याचीही अक्कलदाढ दुखतेय, पण तोंड एका बोटाएवढंच उघडतंय, आणि तेही दोन वर्षांपासून. गालाची आतली कातडी पांढरी, चामड्यासारखी ताठ. सुपारी आणि गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली. दाढेपर्यंत डॉक्टरांचा हात पोचणार कसा, हा त्याच्या बाबतीत पहिला प्रश्न आहे.

दृश्य: उजेडाच्या पेटीवर लावलेला ओपीजी. डॉक्टरांचं पेन फिल्मवर.

निवेदन:
दोन्ही जबडे एका लांबट फिल्मवर दाखवणारा हा एक्स-रे. डॉक्टर त्यावर तीन रेषा ओढतात. जॉर्ज विंटर या अमेरिकी दंतशल्यचिकित्सकाने 1926 च्या ग्रंथात त्या मांडल्या आणि आजही दंतवैद्यकीचा प्रत्येक विद्यार्थी त्या घोकतो. पांढरी रेषा दाढांच्या माथ्यावरून, अंबर, म्हणजे पिवळसर, रेषा हाडाच्या कडेवरून, आणि अंबर रेषेपासून काटकोनात खाली, दाढेला जिथे तरफ लावायची त्या बिंदूपर्यंत लाल रेषा. दाढ किती खोल आहे ते ही लाल रेषा सांगते. 5 मिलिमीटरच्या पुढे गेली, की डॉक्टर दुपारची पुढची अपॉइंटमेंट जरा लांबची देतात.

तिची 4 मिलिमीटर आहे.

आता पेन मुळांच्या खाली सरकतं. दोन बारीक पांढऱ्या कडांमधून जाणारी काळपट नळी. यातून खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी नस जाते. मुळाजवळ नळीची पांढरी कड तुटलेली दिसली, किंवा नळी वाकलेली दिसली, तर मूळ नसेला चिकटून असण्याची शक्यता असते. मग त्रिमितीय स्कॅन काढतात. फारच जवळीक असेल तर दाढेचं डोकं तेवढं कापून काढायचं आणि मुळं आत राहू द्यायची, असाही मार्ग आहे. ऑपरेशननंतर काही जणांचा ओठ किंवा जीभ काही आठवडे बधिर राहते. कायमचा बधिरपणा शंभरात एकापेक्षाही कमी जणांना येतो, पण सहीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं आणि डॉक्टरांनी ते तोंडानेही सांगायला हवं.

आईचा प्रश्न वेगळाच आहे. "डॉक्टरसाहेब, दाढ काढली की डोळे अधू होतात म्हणतात."

होत नाहीत. दृष्टीची नस मेंदूतून वेगळी निघते, दाढेची वेगळी. दोघींची वाटेत कुठे गाठ पडत नाही.

आणि प्रत्येक अडकलेली दाढ काढायचीच असते, असंही नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी 2000 साली निघालेल्या सूचनेत म्हटलं होतं, की आजार नसलेली अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. यावर डॉक्टरांत आजही मतभेद आहेत. वारंवार सूज, पुढच्या दाढेच्या पाठीला लागलेली कीड, दाढेभोवतीच्या पिशवीत पाणी साठून वाढणारी गाठ, अशी कारणं असली तर मात्र वाद उरत नाही. आणि काढायचीच असेल तर विशीत काढलेली बरी. मुळं पुरती वाढलेली नसतात, हाड लवचिक असतं. चाळिशीत तेच हाड सागवानासारखं वागतं.

दृश्य: ऑपरेशनची खोली. हिरवं कापड, दिव्याचा गोल उजेड.

निवेदन:
जबड्याच्या मागच्या बाजूला सुई जाते. लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, आणि रक्त कमी यावं म्हणून त्यात अगदी थोडं अ‍ॅड्रेनलिन. मिनिटभर छातीत धडधडतं, ते त्याचंच. लिग्नोकेन 1943 मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने बनवलं. त्याआधी, 1880 च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड या सर्जनने खालच्या ओठाच्या याच नसेजवळ कोकेन टोचून जबडा बधिर करता येतो हे दाखवलं होतं. स्वतःवर प्रयोग करता करता त्याला कोकेनचं व्यसन लागलं. पुढे तो जगप्रसिद्ध झाला, पण व्यसनाशी मात्र आयुष्यभर झगडला.

पाच मिनिटांत अर्धा ओठ जड होतो, मग अर्धी जीभ. डॉक्टर हिरडीला टोचून विचारतात, "ताई, टोचतंय की दाबल्यासारखं वाटतंय?" दाबल्यासारखं. मग ठीक.

ब्लेडने हिरडीला चीर दिली जाते आणि हाडावरून ती पुस्तकाच्या कव्हरासारखी उलटली जाते. खाली फिकट हाड, आणि त्यात रुतलेला दाढेचा पांढरा खांदा. बर, म्हणजे हाड घासणारं यंत्राचं बारीक टोक, फिरू लागतो. सोबत सलाइनची बारीक धार सतत हवी, कारण घासण्याने हाड तापतं आणि 47 अंशांच्या वर मिनिटभर राहिलं तर त्या कडेच्या पेशी मरतात. दाढेभोवती चिंचोळी खाच पडते.

आता दाढ अख्खी ओढून काढायची नाही. ओढली तर ती पुढच्या दाढेत अडकेल. म्हणून डॉक्टर तिचेच दोन तुकडे करतात. दाढ कापली की हाड कमी कापावं लागतं. आधीच्या पिढीतले डॉक्टर हेच काम छिन्नी-हातोडीने करत.

खाचेत तरफ बसते. मनगट किंचित वळतं. कट्. हा आवाज तिला कानात नाही, कवटीत ऐकू येतो. दुखत काहीच नाही, तरी तिच्या पायाची बोटं आखडली आहेत. पहिला तुकडा ट्रेमध्ये पडतो, मागोमाग दुसरा. खळगा धुतला जातो आणि काळ्या रेशमाचे तीन टाके पडतात. सुईपासून टाक्यापर्यंत पस्तीस मिनिटं.

दृश्य: बाहेरचा बाक. मुलीच्या दातांत गॉज, आईच्या हातात सूचनांचा कागद.

निवेदन:
तासभर गॉज दाबून धरायचं. थुंकायचं नाही, आलेली लाळ गिळायची. चोवीस तास चूळ नाही, गरम चहा नाही, आणि कशातही स्ट्रॉ नाही. सगळी धडपड त्या खळग्यातली रक्ताची गुठळी जपण्यासाठी. ती थुंकण्याच्या किंवा ओढण्याच्या जोराने निसटली, किंवा सिगारेटने बिघडली, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाड उघडं पडतं आणि कळ थेट कानशिलापर्यंत जाते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. तेव्हा खळगा धुऊन त्यात युजेनॉलचा बोळा ठेवतात. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. आजीच्या डब्यातली लवंग अशी फिरून परत येते.

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, आणि नेमक्या तेव्हाच नातेवाइकांना काहीतरी बिघडलंय असं वाटतं. गार वरणभात, ताक, केळं. तिळाची चटणी आणि बारीक शेव दोन आठवडे तरी लांब.

दृश्य: सातवा दिवस. तीच खुर्ची.

निवेदन:
कात्रीची तीन बारीक टक-टक, आणि टाके निघतात. जीभ लगेच खळग्याकडे जाते. डॉक्टर ओपीजीवर उजव्या बाजूची दाढ दाखवतात. सरळ आहे, पूर्ण वर आली आहे, ब्रश पोचतो. "ही राहू दे."

आईने आल्यासरशी स्वतःचंही तोंड दाखवून घेतलं. अक्कलदाढ एकही दिसत नाही. आल्याच नाहीत की आत अडकल्यात, ते एक्स-रेशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण काही माणसांत त्या मुळात तयारच होत नाहीत.

मुलीचं तोंड अजून पुरतं उघडत नाही. तेवढ्यातल्या तेवढ्यात ती म्हणते, "तरीच!"

आई पर्स उगारते. गाल वाचवून, दंडावर.