उन्हाळी जर्मन आणि बॉनमधल्या दुपारी

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी उलटली की जर्मन शिकू पाहणारी मुलं एक प्रश्न हमखास घेऊन येतात. "मॅडम, पुढच्या उन्हाळ्यात चार आठवडे जर्मनीला जाऊन आले तर जर्मन येईल ना?" मी उलट विचारते, "आत्ता किती येतं?" "काहीच नाही" असं उत्तर आलं, तर माझा सल्ला ठरलेला आहे: जाऊ नकोस. 'माझं नाव अमुक, मी तमुक गावची' एवढं पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात शिकता येतं. त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला? बी-वन, म्हणजे युरोपातल्या सहा भाषा-पातळ्यांपैकी तिसरी, झाली असेल, तर मात्र पैसे जमवा आणि जरूर जा.

हा उन्हाळा आपला एप्रिल-मेचा नव्हे, तिकडचा. जर्मन विद्यापीठांतली व्याख्यानं जुलैत संपतात आणि हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरात भरतात. मधल्या काळात वर्ग मोकळे आणि वसतिगृहांतल्या बऱ्याच खोल्याही रिकाम्या. मग हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, बॉन अशा गावांत जगभरातली मुलं येऊन राहतात. सकाळी भाषेचे तास, दुपारी इतिहास, संगीत, राजकारण असं काहीतरी, आणि शनिवारी सहल.

पहिल्याच दिवशी पातळी ठरवणारी चाचणी होते. आपली मुलं लेखीत पुढे असतात आणि बोलायची वेळ आली की गप्प. खरं तर मराठी माणसाने जर्मनला बिचकण्याचं कारण नाही. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत. एकवीस, बत्तीस म्हणताना आपणही एकं आधी घेतो, दशक नंतर. 'कारण', 'जर' अशा शब्दांनंतर जर्मन क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. इंग्रजीवाले तिथे धडपडतात, आपल्याला ते घरचंच. पण आपण जर्मन शिकतो इंग्रजीच्या वाटेने, आणि हा फायदा हातचा घालवतो.

आता बॉनचं बोलू. १९४९ ते १९९० पश्चिम जर्मनीची राजधानी असलेलं, ऱ्हाईनकाठचं हे गाव. बेथोव्हेन इथे १७७० मध्ये जन्मला, ते घर पाहता येतं. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे जुना राजवाडा, आणि त्याच्यासमोरच्या हिरवळीवर मुलं ऊन खात पडलेली. हे विद्यापीठ १८१८ चं. तिथे आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल संस्कृत शिकवत. त्यांनी १८२३ मध्ये भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह छापली, आणि मूळ संहिता चक्क देवनागरीत! पुढे १९२१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही याच विद्यापीठात नाव नोंदवलं होतं.

बॉनमध्ये काय किंवा कुठेही काय, अडचण एकच. तुम्ही जर्मनमध्ये अडखळलात की समोरचा तरुण चांगुलपणाने इंग्रजीवर येतो. वर्गाबाहेर कोरियाची, ब्राझीलची, इटलीची मुलंही आपसांत इंग्रजीच बोलतात. (चार मराठी मुलं एकत्र गेली, तर विचारूच नका!) म्हणून 'आपण जर्मनमध्ये बोलूया का?' हे वाक्य पाठ करून जा आणि न लाजता वापरा. बेकरीत रोज जा. तिथे रांग असते, मागचा माणूस खोळंबलेला असतो, दोन वाक्यांत काम उरकावं लागतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, तेव्हा दूध-पाव शनिवारीच आणा. पाण्याची प्लास्टिकची बाटली फेकू नका, दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पंचवीस सेंट मिळतात.

आणि चालताना खाली बघा. घरांसमोरच्या फरसबंदीत दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले दिसतील. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९२ मध्ये शेजारच्या कोलोन शहरात पहिला बसवला, आता युरोपभर त्यांची संख्या लाखाच्या वर गेली आहे. नाझींनी ज्यांना त्या घरातून नेलं, त्यांची ती आठवण. 'इथे राहत होती', मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. एवढाच मजकूर, आणि तो ए-टू, म्हणजे दुसरी पातळी, झालेल्या कुणालाही शब्दकोशाशिवाय वाचता येतो. त्या देशाच्या इतिहासावरची लांबलचक भाषणं समजायला वर्षं लागतील. या ओळी पहिल्याच आठवड्यात समजतात, आणि वाचणारी मुलं तिथून चटकन हलत नाहीत.

पैशांचंही सांगते. 'डाड' (DAAD) ही जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाणीची संस्था विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना उन्हाळी अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती देते, पण अर्ज आदल्या वर्षीच करावा लागतो. मे महिन्यात जाग आली तर उपयोग नाही. नव्वद दिवसांच्या आतल्या मुक्कामासाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान तीस हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा. व्हिसाच्या तारखा उन्हाळ्यात पटकन भरतात.

ज्यांना यंदा जमणार नाही, त्यांच्यासाठीही बॉनमध्ये एक सोय आहे. 'डॉइचे वेले' हे प्रसारण केंद्र तिथलंच. शिकणाऱ्यांसाठी ते सावकाश वाचलेल्या बातम्या देतं, सोबत मजकूरही असतो. मजकूर झाकून ठेवा, बातम्या दोनदा ऐका, आणि मगच वाचा.

नमस्कार.