कांडी कोणत्या वळूची?

नमस्कार, श्रोतेहो. नाशिक जिल्ह्यातल्या माझ्या गोपालक बंधू-भगिनींनो, सकाळच्या धारा उरकल्या असतील, किटल्या डेअरीत पोचल्या असतील. आता घटकाभर मणिभाई देसाईंविषयी बोलू.

मणिभाई मूळचे सुरतेकडचे, विज्ञानाचे पदवीधर. १९४६ साली गांधीजींच्या निसर्गोपचाराच्या कामासाठी ते पुण्याजवळच्या उरुळी कांचनला आले आणि सगळा जन्म इथेच घालवीन, असा शब्द त्यांनी बापूंना दिला. १९९३ मध्ये ते गेले, तोवर तो पाळला. आश्रमात त्यांनी गीर गायींचा कळप जोपासला. १९६७ मध्ये बायफ, म्हणजे भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था, उभी केली. १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते गोठ्यात.

पूर्वी गाय माजावर आली की तिला वळूकडे हाकत न्यावं लागे. मणिभाईंच्या माणसांनी कृत्रिम रेतन, म्हणजे वळूचं गोठवलेलं बीज गायीत सोडण्याचं कामच, शेतकऱ्याच्या दारी नेलं. मोटारसायकलला बांधलेलं ते द्रव नायट्रोजनचं कॅन तुम्ही पाहिलंच असेल. आत उणे १९६ अंश. डॉक्टर चिमट्याने कांडी, म्हणजे बीजाची बारीक नळी, काढतात, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतात, पुसून रेतनाच्या बंदुकीत भरतात. एवढ्याशा कांडीत होल्स्टिन किंवा जर्सी वळूचं बीज! एका गायवाल्याच्या घरीही ते पोचावं, ही मणिभाईंची तळमळ होती.

मात्र हे बीज डोळे झाकून घेऊ नका, हे मला कळकळीने सांगायचंय. आज गाय भरवली, की नऊ महिन्यांनी वासरू. ती कालवड वाढून व्यायची म्हणजे आणखी तीनेक वर्षं. चूक कळायलाच चार वर्षं जातात. निफाड-सिन्नरकडे हिरवा चारा, पाणी, सावलीचा गोठा असेल तर संकरित गाय जरूर ठेवा. पण इगतपुरी-त्र्यंबकच्या धो धो पावसात आपली डांगी गायच टिकते. तिची तेलकट कातडी बघा, काळे टणक खूर बघा. तिचे बैल भाताच्या चिखलात दिवसभर चालतात. तिला डांगीच वळू दाखवा.

डॉक्टर आले की आधी वळू कोणता ते विचारा, आणि नाव, तारीख वहीत लिहून घ्या. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि एकविसाव्या दिवशी गोठ्यात नक्की डोकवा, गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर तेव्हाच कळेल.

नमस्कार.