शड्डू आणि टॅप : डेन्व्हरमधली १२ नोव्हेंबर १९९३ची रात्र

श्रोतेहो, आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात पैलवान उतरला की आधी शड्डू ठोकतो. मांडीवर पडलेल्या तळहाताचा तो आवाज मैदानाच्या कडेपर्यंत ऐकू जातो आणि त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. आज मी तळहाताच्या दुसऱ्या एका आवाजाबद्दल बोलणार आहे. हा आवाज लढत संपवतो. प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर तळहात दोन-तीनदा आपटायचा, म्हणजे ‘मी हरलो, सोड’ असे सांगायचे. त्याला ‘टॅप’ म्हणतात. जपानी ज्युदोच्या तालमीत आणि ब्राझीलच्या आखाड्यांत ही खूण फार जुनी आहे. मात्र अमेरिकेतल्या सामान्य प्रेक्षकाला ती पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती १२ नोव्हेंबर १९९३च्या रात्री, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात. वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांना एकमेकांसमोर उभे करणाऱ्या ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ची, म्हणजे यूएफसीची, ती पहिली रात्र होती. त्या रात्रीचा खरा वारसा ही तळहाताची खूण आहे, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे आणि तेच आज मांडायचे आहे.

सुरुवात मात्र वेगळ्या गोष्टीने करावी लागेल, कारण त्या रात्रीची सुरुवातच तशी झाली. पहिली लढत सव्वीस सेकंदांत संपली. एका बाजूला हवाईचा सुमो पैलवान टेइला तुली, वजन १८५ किलोंच्या आसपास. दुसऱ्या बाजूला हॉलंडचा जेरार्ड गॉर्डो, उंच, सडपातळ, ‘सावात’ या फ्रेंच पद्धतीच्या लाथांच्या खेळात तरबेज. तुली अंगावर धावून गेला, गॉर्डो मागे सरकला आणि तुली तोल जाऊन जाळीपाशी बसता झाला. बसलेल्या माणसाच्या तोंडावर गॉर्डोची लाथ बसली आणि एक दात उडून प्रेक्षकांच्या दिशेने गेला. दाताचे तुकडे गॉर्डोच्या पावलात रुतले आणि त्याच पावलाने तो पुढच्या दोन्ही लढती लढला. प्रेक्षागृहातला आरडाओरडा त्या क्षणी थोडा थबकला, कारण आपण नेमके काय पाहायला आलो आहोत, हे तिथल्या बहुतेकांना तोवर ठाऊक नव्हते.

आयोजकांनी जाहिरातीत विकले होते ते नेमके हेच. जाहिरातीचा उद्योग केलेला आर्ट डेवी आणि कॅलिफोर्नियात जुजुत्सू ही पकडी आणि फासांची विद्या शिकवणारा होरियन ग्रेसी या दोघांची ही कल्पना; प्रेक्षकांकडून पैसे घेऊन घरबसल्या सामने दाखवणाऱ्या एका दूरचित्रवाणी कंपनीने ती उचलली. आठ स्पर्धक, एकाच रात्री तीन फेऱ्या, विजेत्याला पन्नास हजार डॉलर. वजनगट नाहीत, गुण नाहीत, गुण देणारे परीक्षक नाहीत. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे यांना मनाई होती, पण लढत थांबवायची तर एकाने हार मानावी, त्याच्या माणसाने टॉवेल फेकावा किंवा तो पडून राहावा, अशी योजना होती. पंचाने स्वतःच्या निर्णयाने मध्ये पडावे, हे त्यात गृहीत धरलेले नव्हते. डेन्व्हर निवडण्यामागेही कारण होते : मुष्टियुद्धासारख्या खेळांवर देखरेख ठेवणारे सरकारी मंडळ त्या राज्यात त्या वेळी नव्हते. रिंगणाला दोऱ्यांऐवजी आठ बाजूंची तारेची जाळी लावली, कारण ब्राझीलमधल्या अशा लढतींत गुंतलेले दोघे दोऱ्यांखालून बाहेर घरंगळत जात असत. पुढे हीच जाळी ‘पिंजरा’ म्हणून बदनाम झाली. मुळात ती माणसे खाली पडू नयेत म्हणून होती, ही गोष्ट टीकाकारांनी कधी लक्षात घेतली नाही.

आता त्या रात्रीच्या नायकाकडे येतो. होरियनचा धाकटा भाऊ रॉयस ग्रेसी तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. ब्राझीलमध्ये शब्दाच्या आरंभीचा ‘र’ बदलतो, म्हणून तिथे त्याला ‘हॉइस’ म्हणतात. आपल्याकडे रूढ झालेले रॉयस हेच नाव मी वापरतो. वजन सुमारे ऐंशी किलो, अंगात पांढरा सुती पोशाख, चेहरा एखाद्या शांत विद्यार्थ्यासारखा. त्याचा भाऊ रिक्सन हा घरातला सर्वांत दांडगा लढवय्या मानला जाई. पण आपली विद्या देहबळावर चालत नाही हे जगाला दाखवायचे, तर किडकिडीत दिसणारा भाऊच पुढे करावा, असा घरच्यांचा विचार होता. प्रवेशाच्या वेळी सगळे ग्रेसी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून एका रांगेत चालत आले. त्यांचे वडील एलिओ ऐंशी वर्षांचे होते आणि त्या रात्री तिथे हजर होते.

रॉयसची पहिली लढत आर्ट जिमरसन या व्यावसायिक मुष्टियोद्ध्याशी झाली. जिमरसन एकाच हातात, डाव्या हातात, मुष्टियुद्धाचा हातमोजा घालून आला होता. रॉयसने त्याला खाली पाडले, छातीवर मांड ठोकली आणि अंगाला चिकटून राहिला. ठोसा नाही, गळ्याला फास नाही, सांध्याला पीळ नाही. जिमरसनला तिथून उठता येईना आणि अडीच मिनिटांच्या आत त्याने टॅप केले. इजा झालेली नसताना त्याने हार मानली म्हणून पुष्कळ लोक त्याला हसले. मला मात्र त्या हसण्याचे दुःख वाटते. आपण अशा जागी सापडलो आहोत जिथली भाषाच आपल्याला येत नाही, हे ज्याला वेळीच कळते आणि जो ते सगळ्यांसमोर मान्य करतो, तो माणूस शहाणा आहे.

इथे आपल्या कुस्तीची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. मातीतल्या कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की पैलवान चीत. निकाली कुस्तीचा सगळा अर्थ पाठीपाशी येऊन थांबतो. त्यामुळे पट काढणे, वर राहणे, पाठ वाचवणे हे पैलवानाच्या हाडीमाशी खिळलेले असते. ग्रेसींची विद्या नेमकी याच्या उलट टोकापासून सुरू होते. पाठीवर पडलेला माणूस पायांनी प्रतिस्पर्ध्याची कंबर आवळून त्याला लांब किंवा जवळ ठेवतो आणि खालूनच हात अडकवतो, गळा धरतो. मित्सुयो माएदा हा ज्युदोपटू १९१४मध्ये ब्राझीलला पोहोचला, त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि अंगाने बारीक असलेल्या धाकट्या एलिओने ती विद्या आपल्या देहयष्टीला मानवेल अशी घडवली. ज्याला खाली पडण्याचीच भीती असे त्याने खाली पडण्याची विद्या केली. ताकदीच्या जगातली इतकी खोल कल्पना मला दुसरी माहीत नाही.

उपांत्य लढतीत रॉयससमोर केन शॅमरॉक होता. पिळदार शरीराचा, जपानमध्ये तयार झालेला आणि सांधे अडकवण्याचे डाव जाणणारा. सत्तावन्न सेकंदांत रॉयसने मागून त्याचा गळा आवळला. शॅमरॉकने टॅप केले, रॉयसने पकड सोडली, पण पंचाला ती खूण दिसलीच नव्हती. त्याने लढत पुढे चालू करण्याची खूण केली. तो क्षण मी चित्रफितीत किती वेळा पाहिला असेल, सांगता येत नाही. दोघे गुडघ्यांवर, श्वास फुललेला, रॉयस सांगतो आहे की तू टॅप केलेस, आणि शॅमरॉक क्षणभर थांबतो. पंच त्याच्या बाजूने आहे, लाखो डोळ्यांना काही दिसलेले नाही, समोर पन्नास हजार डॉलर आहेत. शॅमरॉकने मान्य केले की आपण हरलो. ‘नियम नाहीत’ अशी जाहिरात केलेल्या त्या रात्री एक नियम पाळला गेला आणि तो हरलेल्या माणसाने पाळला.

अंतिम लढतीत गॉर्डो होता, पाऊल जखमी, हातही दुखावलेला. जमिनीवर पडल्यावर त्याने रॉयसच्या कानाला चावा घेतला. पावणेदोन मिनिटांच्या सुमारास रॉयसने त्याचा गळा आवळला, गॉर्डोने टॅप केले, आणि रॉयसने पकड लगेच सोडली नाही, काही क्षण तशीच ठेवली. रॉयसबद्दल पूर्ण आदर राखूनही सांगतो की ते योग्य नव्हते. चावणाऱ्याने नियम मोडला होता हे खरे, पण टॅपचे मोल ती करणाऱ्याच्या चारित्र्यावर ठरत नाही.

पुढची काही वर्षे या खेळाला त्या दाताने पछाडले. अमेरिकी सिनेटमधले जॉन मॅकेन यांनी याला माणसांची कोंबडझुंज म्हटले आणि राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रे लिहिली. केबल कंपन्यांनी पाठ फिरवली. फेब्रुवारी १९९७मध्ये नायगारा फॉल्स इथे ठरलेली बारावी स्पर्धा न्यूयॉर्क राज्याच्या आडकाठीमुळे ऐनवेळी अलाबामातल्या डोथन या गावी विमानाने उचलून न्यावी लागली. टीकाकार सर्वस्वी चुकले होते असे मी म्हणणार नाही. १८५ किलोंचा माणूस बसता झाल्यावर त्याला वाचवायला कुणालाच स्पष्ट अधिकार नसणे, ही चूक होती आणि ती त्यांनी दाखवून दिली. त्याच धक्क्यातून वजनगट आले, सक्तीचे हातमोजे आले, वेळेच्या फेऱ्या आल्या, निषिद्ध प्रहारांची मोठी यादी आली, डॉक्टरांची तपासणी आली. न्यू जर्सीच्या क्रीडा मंडळाने २०००मध्ये एकत्रित नियमावली लागू केली आणि पुढच्या वर्षी नेवाडाने या खेळाला दार उघडले. २००१च्या जानेवारीत यूएफसी अवघ्या वीस लाख डॉलरना विकली गेली. २०१६मध्ये तिची किंमत सुमारे चार अब्ज डॉलर झाली. सर्वांत शेवटी न्यूयॉर्कने बंदी उठवली. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली यूएफसीची पहिली स्पर्धा झाली ती तारीख १२ नोव्हेंबर २०१६, म्हणजे डेन्व्हरच्या रात्रीला बरोबर तेवीस वर्षे पूर्ण होत असताना.

पैशांच्या या आकड्यांपेक्षा विद्येचा प्रवास मला अधिक मोलाचा वाटतो. एका घराण्याने आपले सगळे डाव दिव्यांच्या लखलखाटात उघडे करून दाखवले, त्यामुळे ते सगळ्यांचे झाले. १९९५पासून अमेरिकी सैन्याच्या रेंजर तुकड्या ग्रेसींची जमिनीवरची झुंज शिकू लागल्या. कुस्तीगीर गळफास सोडवायला शिकले, मुष्टियोद्धे पाडले जाऊ नये म्हणून काय करायचे ते शिकले. ज्याने हे शिकायला उशीर केला त्याला किंमत मोजावी लागली. कुस्तीचा पाया असलेला आपला भरत खंडारे नोव्हेंबर २०१७मध्ये शांघायला यूएफसीच्या रिंगणात उतरला. यूएफसीत लढणाऱ्या पहिल्या भारतीयांमध्ये त्याचे नाव घेतले जाते. तो पहिल्याच फेरीत सोंग यादोंगकडून हरला तो गळ्याच्या फासानेच. मान खाली घालून पटात शिरणे ही पैलवानाची सवय आणि त्या फासाचे आमंत्रण, या दोन्ही गोष्टी एकाच हालचालीत असतात. आपल्या तालमींत ही एक गोष्ट वस्तादांनी पोरांना शिकवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटी रॉयसकडे परत येतो. मे २००६मध्ये लॉस एंजेलिसला तो वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मॅट ह्यूजशी लढला. ह्यूज मुळातला कुस्तीगीर आणि डेन्व्हरनंतर तयार झालेल्या पिढीचा. त्याने रॉयसला खाली घेतले आणि त्याचा हात सरळ ताणून अडकवला. सगळे टॅपची वाट पाहत होते. रॉयसने तळहात हलवला नाही. १९५१मध्ये रिओच्या माराकाना मैदानात जपानचा ज्युदोपटू किमुरा याने एलिओचा हात पिळून मोडला होता, तेव्हा एलिओनेही हार मानली नव्हती. कार्लोसने टॉवेल फेकून ती लढत थांबवली होती. ह्यूजने रॉयसचा हात सोडला, त्याची पाठ घेतली आणि ठोसे लावू लागला. पहिली फेरी संपायला वीसएक सेकंद उरली होती. रॉयस पालथा पडलेला होता, टॅप होत नव्हते, आणि तेव्हा पंच वाकला, दोघांच्या मध्ये शिरला आणि त्याने ह्यूजला बाजूला केले.