माळवदाखालचं वाचनालय

रस्त्यावरून हे वाचनालय ओळखू येत नाही. काळ्या दगडाचं उंच जोतं, दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, सागवानी दिंडीदरवाजा. शेजारच्या वाड्यांसारखाच एक वाडा. वाचनालय सुरू झालं तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा उर्दू, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूतूनच. गश्ती निशाण ५३ या सरकारी फतव्यामुळे विनापरवाना सभा घेता येत नसे. मराठीतून चार माणसांनी एकत्र बसायचं, तर गणेशोत्सव, व्यायामशाळा नाहीतर वाचनालय. नवी इमारत बांधायला पैसा कुठला? मिळाला तो वाडा घेतला.

आत या. वर्तमानपत्रं ओसरीवर, कारण उजेड तिथेच. मधल्या खणात, म्हणजे खांबांमधल्या जागेत, कपाटं, भिंतीपासून वीतभर सुटी. मातीतून वाळवी येते, हे इथल्या ग्रंथपालाला वेगळं सांगावं लागत नाही. आता वर पाहा. खांबांवर तुळया, तुळयांवर नाटा म्हणजे आडवी लाकडं, नाटांवर किलच म्हणजे लाकडाच्या चिपा, मग पाला आणि त्यावर फूटभर माती. हेच माळवद. मे महिन्याच्या दुपारी इथे बसवतं, ते या मातीमुळेच. दर मृगाआधी माळवदावर नवी माती टाकायची. एखादं वर्ष चुकलं, की साण्याच्या, म्हणजे छतातल्या उजेडाच्या झरोक्याच्या, कडेने पाणी झिरपून थेट कादंबऱ्यांच्या कपाटावर. ओघळ अजून आहेत, पुठ्ठ्यांवर चहासारखे.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५५ ला हैदराबाद राज्याने ग्रंथालय कायदा केला; मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात. महाराष्ट्राचा कायदा यायला १९६७ उजाडलं! उठसूट मराठवाड्याला मागास म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली हजारो माणसं गेली. हा वाडा वाचला, पण भीती बसली. पुढच्या दोन खणांची माती उतरवून पत्रे घातले गेले. त्या वेळी दुसरं सुचणार तरी काय? आता दुपारी त्या पत्र्यांखाली कुणी थांबत नाही.

मागे परसात स्लॅबची अभ्यासिका झालीय. स्पर्धा परीक्षेची पोरं तिथे रात्री उशिरापर्यंत असतात. वाडाही पाडून स्लॅब टाका, असं काही सभासद म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. माळवदावरची माती कमी करायची, खांब-तुळयांचे सांधे आवळायचे, भिंतीत आरपार दगड बसवायचे. भूकंपात न पडलेली लातूर-धाराशिवकडची काही जुनी घरं अशीच मजबूत केली गेली.