तळावरची सावली

बुडालेल्या माणसाचा देह शोधणाऱ्या बोटीमागे केबलला बांधून ओढले जाणारे हे लांबट यंत्र म्हणजे साइड स्कॅन सोनार. पाणी इतके गढूळ आहे की पाणबुड्याला स्वतःचा हातसुद्धा दिसणार नाही. ध्वनीला मात्र गढूळपणाची अडचण नसते. पाण्यात तो सेकंदाला सुमारे 1500 मीटर, म्हणजे हवेतल्याच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो, आणि यंत्राने दोन्ही बाजूंना सोडलेले त्याचे स्पंद तळावरून परतले की पडद्यावर हे तांबूस चित्र ओळीओळीने उमटू लागते.

सरावलेली नजर वस्तूपेक्षा तिच्या सावलीकडे आधी जाते. तळावर पडलेल्या उंचवट्यामागे ध्वनी पोहोचत नाही, तिथे काळा पट्टा उरतो, आणि हातापायांची ठेवण पुष्कळदा त्या पट्ट्यातच ओळखू येते. बुडालेला ओंडकाही अशीच सावली टाकतो, म्हणून शंकेची जागा दुसऱ्या दिशेने पुन्हा तपासतात. यंत्राच्या नेमक्या खालची पट्टी नीट दिसत नाही. शेत नांगरावे तशा या समांतर फेऱ्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या आहेत त्या त्यासाठीच.

‘देह आपोआप वर येईल’ हा सल्ला किनाऱ्यावर हमखास ऐकू येतो. जीवाणूंमुळे शरीरात वायू साठला की देह तरंगतो हे खरे. पण थंड पाण्यात ही क्रिया मंदावते, खोलवर दाबामुळे वायू आकसतो, आणि काही देह कधीच वर येत नाहीत. वाट पाहणे ही शोधाची पद्धत नव्हे.

नकाशावरच्या या चौकोनांत शेवटचे दिसलेले ठिकाण, प्रवाह आणि खोली यांवरून शक्यता मांडलेली आहे. चौकोन तपासून रिकामा निघाला की त्याची शक्यता घटते, शून्य होत नाही. जून 2009 मध्ये अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्स 447 या विमानाचे अवशेष एप्रिल 2011 मध्ये सुमारे 3900 मीटर खोलीवर सापडले, ते याच गणिताने आधी जवळजवळ वगळलेल्या भागाकडे पुन्हा बोट दाखवल्यावर.

खूण पक्की झाली की पाणबुडे दोर धरून थेट त्या बिंदूवर उतरतात. त्यांचा धोका कमी होतो, घरच्यांना देह मिळतो, कागदपत्रे पुढे सरकतात.

पडद्यावरची ही सावली ओंडक्याची निघाली. बोट पुढच्या फेरीसाठी वळते आहे.